दारात फेंगशुईच्या वस्तू मांडल्या, तरी दार अडतंच: आधी काय तपासायचं

दिवाळी किंवा पाडवा जवळ आला की मला एका ठरावीक प्रकारचे फोन येतात. "भाऊ, दारातलं सगळं फेंगशुईप्रमाणे केलंय, तरी घरात शिरलं की बरं वाटत नाही. एकदा येऊन बघता का?" मी नाशिकमध्ये फर्निचरची आणि इंटिरियरची कामं करतो. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडचे फ्लॅट, सिडकोतली रो-हाउस, कधीमधी जुन्या नाशकातला एखादा वाडा. फेंगशुईची, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी परंपरेची, माहिती मला गिऱ्हाइकांमुळेच करून घ्यावी लागली. शू-रॅक कुठे ठेवायचा यावरून सासू-सुनेचं वाजलं की निकाल शेवटी सुताराकडेच येतो.

'ची' नावाची ऊर्जा दारातून आत येते, हे कोणी मोजून दाखवलेलं नाही आणि मीही तसा दावा करत नाही. पण फेंगशुईतले दाराबद्दलचे जुने नियम नीट पाहिले तर त्यातले बरेचसे वाट, उजेड, हवा आणि स्वच्छता यांचेच आहेत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठीही क्रम तोच राहतो: आधी दार, मग वाट, मग उजेड, सगळ्यात शेवटी वस्तू. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम उलटा लागलेला असतो. धन आणतो म्हणून ठेवतात तो फेंगशुईचा बेडूक आधी येतो आणि दारामागची सायकल तिथेच राहते.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी एकत्र दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- मुख्य दार भिंतीपर्यंत उघडत नाही. मध्येच कशाला तरी लागतं आणि घरातले सगळे तिरके होऊन आत येतात.
- शू-रॅक आहे, पण चपलांचा ढीग रॅकच्या पुढ्यात.
- संध्याकाळी कुलूप उघडल्यावर भिंत चाचपडत स्विच शोधावा लागतो.
- बाल्कनीचं दार उघडं असलं की मुख्य दार धाडकन आपटतं. विंड चाइम रात्रभर वाजते आणि शेजारी सकाळी बघतही नाहीत.
- दाराजवळची रोपं पिवळी पडतात. नवी आणली तरी तेच.
- पावसाळ्यात दार खाली घासतं, कोपऱ्यात कुबट वास येतो.
- दोन सल्लागारांनी दोन वेगळे कोपरे सांगितलेत आणि तुम्ही दोन्हीकडे काहीतरी मांडून ठेवलंय.
- सगळं आवरलं की आठ-पंधरा दिवस छान वाटतं, मग पुन्हा पहिल्यासारखंच.

शेवटचं लक्षण मी सगळ्यात आधी विचारतो. आवरल्यावर पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर मांडणी बदलून उपयोग नाही. दोष एकतर त्या जागेच्या रोजच्या वापरात आहे, नाहीतर भिंतीत-दारात.

सुरुवात: सगळं उतरवा

खर्च शून्य. एक खोकं घ्या. लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक, लाल फितीतली नाणी, क्रिस्टल, चाइम, मागच्या दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ, सुकलेलं आंब्याचं तोरण, कधीचं काळं पडलेलं लिंबू-मिरची, सगळं उतरवा. सुकलेलं फेका, बाकीचं आठ दिवस खोक्यात ठेवा. कुलदैवताचा फोटो किंवा गणपतीची पाटी असेल तर ती राहू द्या. ती या तपासणीचा भाग नाही, आणि आजींशी वाद घालून काही साधत नाही.

हे का करायचं? दारात दहा वस्तू असताना अडचण कशाची आहे ते कळतच नाही. दुसरं म्हणजे वाळलेली फुलं आणि मेलेली रोपं दारात ठेवू नयेत, यावर फेंगशुई आणि आपल्या घरातली रीत यांचं एकमत आहे. तोरण ताजं असेल तर शोभतं. दिवाळीचं तोरण होळीपर्यंत लोंबत असेल तर तो फक्त कचरा असतो.

एक बंधन मात्र पाळा. निदान होईपर्यंत नवी वस्तू विकत आणायची नाही.

दार किती उघडतं ते बघा

फेंगशुईत मुख्य दाराला 'ची'चं मुख म्हणतात. ते निदान ९० अंश तरी विनाअडथळा उघडावं अशी अपेक्षा असते. श्रद्धा बाजूला ठेवून हिशेब केला तरी गोष्ट तिथेच येते. फ्लॅटचं मुख्य दार साधारण साडेतीन फूट रुंद असतं. ते ६० अंशांवर अडलं तर सरळ चालत यायला जेमतेम निम्मी रुंदी, म्हणजे पावणेदोन फूट उरतात. हातात भाजीच्या दोन पिशव्या असतील तर खांदा चौकटीला लागणारच.

दारामागे काय काय सापडतं त्याची यादी मला पाठ आहे: हुकाला टांगलेल्या पिशव्या, छत्र्या, मुलाची बॅट, पाण्याचा वीस लिटरचा जार, दळणाचा डबा, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं. सगळं एकदा काढा आणि दार उघडून बघा. त्यानंतरही अडलं तर खाली बघा. दार आणि फरशी यांत अगदी थोडी फट असते आणि काथ्याचं जाड पायपुसणं त्यात अडकतं. जाड पायपुसणं उंबरठ्याबाहेर, आत पातळ. तिसरा संशयित म्हणजे चुंबकाचा डोअर स्टॉपर. दारामागे स्विचबोर्ड असला की बसवणारा स्टॉपर आधीच लावून मोकळा होतो आणि दार कायमचं ७० अंशांचं होऊन बसतं. स्टॉपर सरकवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

आता दार बंद करून बाहेर जा आणि पाहुण्यासारखे आत या. संध्याकाळी सातच्या सुमाराला, आतला दिवा न लावता. उंबरठ्यावर उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढा. रोज बघून डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी फोटोत लगेच दिसतात. मीटरच्या लोंबत्या वायरी, भिंतीवरचे हातांचे डाग, कुरिअरची फाडलेली खोकी. फोटोत जे खुपेल ती तुमची यादी.

चपला

दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे जरा थांबतो.

फेंगशुई म्हणतं चपला झाकलेल्या असाव्यात, दारासमोर पसरलेल्या नसाव्यात. बरोबर आहे. म्हणून लोक ऑनलाइन बंद कपाट मागवतात. ते येतं १४ इंच खोलीचं, आणि पॅसेज असतो साडेतीन फुटांचा. उरलेल्या सव्वादोन-अडीच फुटांत माणसाने वाकून चप्पल काढायची, कपाटाचं दार उघडायचं, चप्पल आत ठेवायची आणि दार लावायचं. कोणी करत नाही. चपला कपाटासमोर राहतात, आणि दोष 'घरातल्यांच्या सवयीं'ना मिळतो. सवय काही वाईट नाही, कपाट जास्त खोल आहे.

अरुंद पॅसेजमध्ये खाली झुकणाऱ्या झडपांचं रॅक लागतं. त्यात चपला तिरप्या उभ्या राहतात आणि सात-आठ इंच खोलीत काम भागतं. घरात कोणाचे बूट मोठ्या मापाचे असतील तर घेण्याआधी एक बूट घेऊन दुकानात जा, कारण काही झडपांत मोठ्या मापाचे बूट बसतच नाहीत. माणशी रोजच्या वापराचे दोन जोड दारात, बाकीचे आत. लग्नातल्या मोजड्या आणि ट्रेकिंगचे बूट दाराशी ठेवायचं काही कारण नाही.

पावसाळ्यात मात्र हा नियम मोडावा लागतो. जून ते सप्टेंबर ओले बूट बंद कपाटात गेले की आत बुरशी धरते, आणि उघडलं की जो वास येतो त्यावर कोणतीही अगरबत्ती चालत नाही. ओल्यासाठी उघडी जाळीची ट्रे, सुकल्यावर कपाट. कपाटाला मागून किंवा खालून हवा जायला भोकं नसतील तर सुताराकडून पाडून घ्या. नवं करून घेत असाल तर आतून लॅमिनेट लावलेलं बोर्ड सांगा. कच्चं बोर्ड दोन पावसाळ्यांत फुगतं.

आणि रॅक लॉबीत ठेवण्याचा मोह आवरा. सोसायटीचा सामाईक पॅसेज आग लागली तर पळायची वाट असतो. तिथे कपाट उभं करणं अग्निसुरक्षेच्या दृष्टीने चूकच आहे. "समोरच्यांनीपण ठेवलंय" हे उत्तर आगीला कळत नाही.

उजेड

दाराच्या आत-बाहेर मोकळी, उजेडाची जागा हवी असं चिनी परंपरा सांगते. तिला मिंगतांग म्हणतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ही सोय बांधतानाच झालेली असायची. दिंडी दरवाजा, मग देवडी, मग उघडा चौक. माणूस टप्प्याटप्प्याने आत यायचा आणि डोळ्यांना अंधार-उजेडाची सवय व्हायला वेळ मिळायचा. फ्लॅटमध्ये लिफ्टच्या अंधाऱ्या लॉबीतून एकदम हॉलमध्ये उडी.

उपाय स्वस्त आहे. दाराच्या आत छताला ९ वॉटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा, म्हणजे पाकिटावर ३००० के लिहिलेला. दारात पांढराफेक उजेड दवाखान्यासारखा वाटतो. स्विच दाराच्या मागे गेला असेल (बिल्डरच्या नकाशात हे हमखास चुकतं) तर वायरिंग फोडत बसू नका. हालचाल टिपणारा सेन्सर असलेला बल्ब मिळतो, तो त्याच होल्डरमध्ये बसतो. स्विच मात्र चालू ठेवावा लागतो. घरात येताना हात भरलेले असतात, त्यामुळे या एका बल्बने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आरसा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिला साधा आरसा. दाराच्या अगदी समोर लावू नये, कारण आत येणारी 'ची' तो परत फिरवतो असं मानतात. श्रद्धा नसली तरी रात्री अकराला दार उघडताना समोरून कोणीतरी येताना दिसलं की दचकायला होतं, हे खरंच आहे. बाजूच्या भिंतीवर लावा. अरुंद पॅसेज रुंद वाटतो आणि बाहेर पडताना केस बघता येतात.

दुसरा पाकुआ आरसा, भोवती तीन-तीन रेघांची आठ चिन्हं असलेला. तो फक्त बाहेरच्या बाजूला लावायचा असतो. समोर टी-जंक्शनचा रस्ता थेट दारावर येत असेल, समोरच्या इमारतीचा कोपरा रोखलेला असेल, तेव्हासाठी. बहिर्वक्र आरसा परतवतो, अंतर्वक्र ओढून घेतो, अशी त्यामागची कल्पना. हॉलमध्ये शोभेला तो लावलेला मी कितीतरी घरांत बघितलाय. फेंगशुई मानायचं ठरवलं तर ही त्यातली ठळक चूक आहे.

एका इमारतीत समोरासमोरच्या दोन दारांवर दोन बहिर्वक्र आरसे होते. एकाने लावला म्हणून दुसऱ्याने लावला, आणि त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद. दोघांनाही आरसे काढायला लावले आणि एकाच लाकडाच्या नावाच्या पाट्या करून दिल्या. बोलणं सुरू झालं ते पाट्यांमुळे की आरसे गेल्यामुळे, ते मला विचारू नका.

खोक्यातल्या वस्तू

आठ दिवसांनी खोकं उघडा. जे आवडतं तेवढंच परत लावा, एक किंवा दोन.

लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्षू, ज्याला तिकडे मैत्रेयाचा अवतार मानतात. पांडवलेणीतल्या मूर्तींशी त्याची गल्लत करू नका. तरीही तो भिक्षू आहे, तेव्हा शू-रॅकवर किंवा जमिनीवर नको. दाराकडे तोंड करून टेबलाच्या उंचीवर. बौद्ध कुटुंबांत चपलांशेजारी अशी मूर्ती बघून लोक मनातून दुखावतात, हे मी पाहिलंय. बेडकाचं तोंड घराच्या आत, कारण तो बाहेरून धन घेऊन येतो अशी कथा. नाण्यांचा गोल कड म्हणजे आकाश, मधलं चौकोनी भोक म्हणजे पृथ्वी. बाकी त्यांच्यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

विंड चाइमचं मात्र बोललं पाहिजे. धातूची पश्चिमेला किंवा वायव्येला, बांबूची पूर्वेला किंवा आग्नेयेला, असा नियम सांगतात. पण चाइम जर सतत वाजत असेल तर ती तुम्हाला काहीतरी सांगतेय: इथे हवेचा जोरदार झोत आहे. चाइम काढा आणि 'समोरासमोर दारं' हा भाग वाचा.

रोपं आणि पाणी

लिफ्टच्या लॉबीत किंवा दाराच्या आत ऊन येत नाही. तिथे तुळस, गुलाब, जास्वंद ठेवलं तर ते मरणारच. त्यात ग्रहदोष शोधू नका. कमी उजेडात तग धरणारी झाडं म्हणजे मनी प्लांट आणि झेडझेड. दोन कुंड्या आणून पंधरा-पंधरा दिवसांनी एकमेकींच्या जागी ठेवा, एक दारात, एक बाल्कनीत, म्हणजे दोन्ही टिकतात. निवडुंगासारखी काटेरी झाडं दारात फेंगशुईलाही नको असतात. अरुंद दारात ओढणी अडकते, हे त्याचं साधं कारण.

लकी बांबू हा बांबू नाहीच, ती ड्रॅसिनाची एक जात आहे. पानांची टोकं पिवळी-तपकिरी होत असतील तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, थेट ऊन किंवा शिळं पाणी यांपैकी एक कारण असतं. पाणी भांड्यात रात्रभर उघडं ठेवून मग घाला.

आणि हे गांभीर्याने घ्या: लकी बांबूची बरणी, दारातला कारंजा, फुलं तरंगणारी उरळी, या सगळ्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, भांडं आतून घासून, पुन्हा भरा. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत, म्हणून घासायचं. समृद्धीसाठी ठेवलेल्या बरणीने घरात ताप आणू नये.

समोरासमोर दारं

मुख्य दार उघडलं की सरळ बाल्कनी दिसते, असे फ्लॅट नाशकात खूप आहेत. फेंगशुई म्हणतं 'ची' आली तशी निघून जाते. हवेचंही तसंच होतं. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा सुटला आणि बाल्कनी त्या बाजूला असली की तो घरातून आरपार जातो आणि मुख्य दार आपटतं. बिजागऱ्या ढिल्या होतात, कुलपाची पट्टी वाकते, आणि मुलांची बोटं चेमटतात.

क्रमाने करा. आधी दाराला चुंबकाचा स्टॉपर. मग बाल्कनीच्या दाराला जाड पडदा. मग हायड्रॉलिक डोअर क्लोजर, ज्यात बंद होण्याचा वेग स्क्रूने कमी-जास्त करता येतो. शेवटी मध्ये जाळीची अर्धी पार्टिशन किंवा उंच कुंडी. पार्टिशन करताना चालायची वाट तीन फुटांपेक्षा कमी होता कामा नये. गॅसचा सिलिंडर, फ्रिज आणि कधीकाळी स्ट्रेचरही त्याच वाटेने जायचं असतं. वाट दोन फुटांवर आणणारं पार्टिशन मी करून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

दारासमोर टॉयलेट असेल तर त्याचं दार बंद, कमोडचं झाकण खाली, आणि एक्झॉस्ट फॅन चालू स्थितीत. एवढं पुरतं.

दिशा नीट मोजलीत का

दोन सल्लागार दोन कोपरे सांगतात तेव्हा निम्म्या वेळा दिशाच चुकीची मोजलेली असते. मोबाइलचा कंपास लोखंडाजवळ बहकतो. तुमचा सेफ्टी डोअर लोखंडी, शेजारी लिफ्ट, भिंतीत सळया. त्यात मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल तर विचारूच नका.

कव्हर काढा. मोबाइल हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवून कंपास सुधारून घ्या. घराचं तोंड मोजायचं म्हणजे दारात उभं राहून बाहेर बघताना जी दिशा येते ती. ती दारात, लॉबीत चार पावलं पुढे आणि बाल्कनीत, अशी तीन ठिकाणी मोजा, दर वेळी मोबाइल त्याच दिशेला धरून. आकडे दहा अंशांहून जास्त फरकाचे आले तर खाली मोकळ्या जागेत जाऊन मोजा. सगळ्यात सोपी पडताळणी म्हणजे मोबाइलवरचा उपग्रह नकाशा. त्यात वर उत्तर असते, इमारतीची भिंत कुठल्या कोनात आहे ते दिसतं.

एवढा खटाटोप का? फेंगशुईच्या लुओपान कंपासवर वर्तुळाचे २४ भाग असतात, प्रत्येक १५ अंशांचा. सेफ्टी डोअरपाशी काटा २० अंशांनी हलला की अख्खा भाग बदलतो आणि पुढचा सगळा सल्ला भलत्याच भागाचा.

दुसरी गफलत छापील तक्त्यात. चिनी पद्धतीच्या पाकुआत, म्हणजे कोणती दिशा कशाची ते दाखवणाऱ्या तक्त्यात, दक्षिण वर काढतात. आपल्याला शाळेपासून नकाशात वर उत्तर बघायची सवय. तक्ता तसाच घराच्या नकाशावर ठेवला की उत्तरेच्या वस्तू दक्षिणेला जातात. भिंतीवर तक्ता लावलेला असेल तर त्यावरचं 'अग्नी'चं चिन्ह दक्षिणेकडेच येतंय ना, एवढं बघा.

तिसरं कारण खरोखरच मतभेदाचं. जुन्या परंपरेत पाकुआ होकायंत्राने लावतात. १९८० च्या दशकात लिन युन यांनी अमेरिकेत जी पद्धत लोकप्रिय केली, तिच्यात होकायंत्र नाहीच. तक्त्याची खालची बाजू दाराच्या भिंतीला लावायची, आणि दारातून आत बघताना दूरचा डावा कोपरा धनाचा. पहिल्या पद्धतीत धनाचा कोपरा आग्नेय. तुमचं दार ज्या बाजूला असेल त्यानुसार हे दोन कोपरे जुळतील किंवा घराच्या दोन टोकांना जातील. यात दोन्ही सल्लागार आपापल्या पद्धतीने बरोबर असू शकतात.

त्यात वास्तुशास्त्र मिसळलं की कारंज्याचा प्रश्न सुटतच नाही. फेंगशुईत आग्नेय म्हणजे काष्ठ, पाणी झाडाला पोसतं, म्हणून तिथे कारंजा चालतो. वास्तुशास्त्रात आग्नेय अग्नीची, पाणी ईशान्येला. "मग भाऊ, दोन्हीकडे ठेवू का?" असं मला एका काकूंनी विचारलं होतं. नाही. एक पद्धत निवडा आणि घरात सगळ्यांना सांगा. सासूबाई वास्तू मानत असतील तर वास्तू. दारात शांतता राहणं हाही फेंगशुईचाच हेतू आहे.

दार फुगतं, भिंत ओली

आता खर्चाचा भाग. श्रावणात दार घासतं कारण लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. लगेच रंधा मारून घेऊ नका. डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा तेच लाकूड कोरडं होऊन आकसतं, आणि रंधा मारलेल्या बाजूला फट दिसते, तिच्यातून गार वारा आणि पाली. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. बऱ्याचदा वरची बिजागरी सुटून दार खाली झुकलेलं असतं, फुगलेलं नसतंच. स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याच भोकात लाकडाची खुंटी ठोकून नवा लांब स्क्रू. तरी घासलं तर फक्त घासणाऱ्या जागी पॉलिश पेपर, आणि उघड्या पडलेल्या लाकडावर, विशेषतः खालच्या काठावर, लगेच पॉलिश किंवा रंगाचा हात. खालचा काठ कोणी रंगवत नाही आणि पाणी तिथूनच चढतं.

भिंतीला ओल असेल तर रंग, वॉलपेपर किंवा चित्र लावून झाकू नका. भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ धरतेय, एक्झॉस्ट आणि उघडी खिडकी पुरेल.

चौकटीवर बोटाच्या गाठीने टकटक करा. पोकळ आवाज आला किंवा कडेने मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी आहे.

इथे थांबा

स्विचला हात लावल्यावर झिणझिण्या, जळका वास, किंवा दिवा लावताच एमसीबी (मीटरजवळचा सुरक्षा स्विच) पडणं: मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. ओल्या भिंतीत बोर्ड असेल तर ताबडतोब.

ओल भिंतीतून येत असेल तर आधी प्लंबर, कारण बहुतेकदा पलीकडे बाथरूम असतं. पाइप ठीक असेल तर मग वॉटरप्रूफिंगवाला. क्रम उलटा केला तर वॉटरप्रूफिंगचे पैसे वाया. वाळवीला पेस्ट कंट्रोल. केरोसीन शिंपडून ती लपते, जात नाही.

कुणी दार हलवायला, चौकट फिरवायला किंवा भिंतीत नवं दार पाडायला सांगितलं तर तिथेच थांबा. आरसीसी इमारतीत कॉलम-बीमला हात लावायचा नसतो. जुन्या वाड्यांत तर भिंतच वरचा भार पेलते आणि लाकडी तुळई कुठे टेकलीय ते बाहेरून दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती, सोसायटीची परवानगी आणि लागू असेल तिथे महापालिकेची, ही तिन्ही हातात आल्याशिवाय कोणताही भला सुतार छिन्नी लावणार नाही.

सल्ला देणारा स्वतःच्याच दुकानातल्या वस्तू गळ्यात मारत असेल, किंवा "हे केलं नाही तर घरात कोणी राहणार नाही" अशी भीती घालत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार करा. अलौकिक शक्तीचा दावा करून, घाबरवून पैसे उकळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. घरातल्या आजाराला डॉक्टर, धंद्यातल्या तोट्याला सीए. त्यांची कामं दाराकडून होत नाहीत.

सुताराला बोलवायची वेळ आलीच तर फोन करण्याआधी ही मापं काढून ठेवा: दाराची रुंदी, दार पूर्ण उघडल्यावर ते भिंतीपासून किती अंतरावर राहतं, पॅसेजची सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, घरातल्या सगळ्यात मोठ्या बुटाची लांबी. सोबत तो संध्याकाळी सातचा फोटो पाठवा.